डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा सेल्फ

आमच्या वर्कशॉपात नटबोल्ट हरवतात, पाने हरवतात, एकदा तर अख्खा जॅक हरवला. पण किस्सा कधी हरवत नाही. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि तिचा किस्सा इथेच निंबाखाली बसून राहतो. पुढची गाडी आली की तिच्या इंजिनावर वाकल्या वाकल्या तो पुन्हा सांगितला जातो आणि थोडा जाड होतो. मला इथे येऊन दीडच वर्ष झाले आहे, पण माझ्याकडेही आता इतके साठले आहेत की सांगितल्यावाचून राहवत नाही. सगळे नाही सांगत. एका मोटारीच्या सेल्फचे तेवढे सांगतो.

सेल्फ म्हणजे बटण दाबल्यावर इंजिनाला पहिला फेरा देणारी छोटी विजेची मोटार. ती नसली तर पुढून लोखंडी हँडल घालून हाताने इंजिन फिरवावे लागते. पुष्कळांना सेल्फ ही श्रीमंतांची चैन वाटते. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंचे सगळे काम त्या बटणावर अडले होते.

वर्कशॉप दौलत मिस्त्रींचे. वडील लोहार, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारे. मिस्त्री शाळेत गेले नाहीत, पण इंजिन कानाने वाचतात. दुसरे रहमानभाई, रिसोड लाइनवरचे बस ड्रायव्हर. बस उभी असली की ते आमच्याकडेच असतात. तिसरा मी. नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलो तेव्हा वडिलांनी तहसिलीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मी म्हणालो, कारकुनी करणार नाही, या देशाला आपल्या हाताने यंत्रे चालवणारी माणसे हवी आहेत. वडील म्हणाले, "मग चालव." तो टोमणा होता. मी तो आशीर्वाद समजलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपात हजर झालो.

*

पहिल्याच दिवशी रहमानभाईंची बस आली. बटण दाबले तरी ढिम्म. मी बाह्या सरसावल्या. सेल्फच्या आत काय काय असते, वीज कुठून शिरते, चुंबक कसा तयार होतो, हे सगळे मी रहमानभाईंना समजावून सांगितले आणि शेवटी निदान केले की सेल्फ खाली उतरवून पुरता खोलावा लागेल, दोन दिवस लागतील. रहमानभाईंचा चेहरा पडला. संध्याकाळी त्यांची रिसोडची फेरी होती.

मिस्त्री तोवर बिडी ओढत ऐकत होते. ते उठले, बसचे पुढचे दिवे लावले आणि मला म्हणाले, दाब आता बटण. मी दाबले. दिव्यांना काही झाले नाही.

"आयक," मिस्त्री म्हणाले. "बटण दाबल्यावर दिवा इझला, त बॅटरी नाई त तार. दिवा मंद झाला, त सेल्फ अडून बसला. अन दिवा जसाच्या तसा राह्यला, त वीज सेल्फपर्यंत गेलीच नाई. बटण पाहाचं."

बटण ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीत. मिस्त्रींनी स्क्रू काढून ते उचलले. खाली सरकी! कापसाची गाठोडी घेऊन चढणाऱ्या लोकांनी वर्षभर सांडलेली सरकी फळीच्या फटीतून जाऊन बटणाखाली ठासून बसली होती. बटण तळाला टेकतच नव्हते. मिस्त्रींनी ती मूठभर काढून माझ्या हातात ठेवली.

"कालेज," ते म्हणाले, "तुह्या पुस्तकात सरकीचा धडा हाये का?"

तेव्हापासून वर्कशॉपात माझे नाव कालेज. आणि दिव्याची ती तीन वाक्ये मी घरी जाऊन वहीत पहिल्या पानावर लिहिली. कॉलेजात तीन वर्षांत इतके नेटके कुणी शिकवले नव्हते.

*

आता डॉक्टरीणबाई. दवाखान्याच्या कमिटीकडे कुणी तरी देणगी दिलेली जुनी मोटार होती. ती घेऊन बाई एकट्या खेडोपाडी बाळंतपणाला जायच्या. मागच्या हिवाळ्यात केनवडच्या बाजारात त्या हँडल मारत असताना इंजिनाने उलटा झटका दिला आणि हँडल त्यांच्या उजव्या मनगटावर बसले. हाड मोडले. बाजारातली माणसे ओरडू लागली, बाई ओरडल्या नाहीत. समोर टोपल्या विकणारा बुरूड बसला होता. त्याच्याकडून त्यांनी चार कामट्या मागून घेतल्या, त्याच्याच हातून मनगटाला बांधून घेतल्या आणि वर त्याला सांगितले, "आणखी घट्ट. टोपलीला बांधता तसे."

हाड जुळले, पण हातातला जोर गेला. स्टीअरिंग धरता येते, हँडल मारता येत नाही. आणि बाजारभर लोकांनी ते पाहिल्यामुळे गावात दुसरे कुणी हँडलला हात लावेना. सेल्फ तर आधीपासूनच कुरकुरत होता. शेवटी बाई काय करायच्या, तर बाळंतपण चालू असेपर्यंत दारात इंजिन चालूच ठेवायच्या. चार चार तास. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर. महिन्याची कुपने पंधरवड्यात संपू लागली.

दसऱ्यानंतर कमिटीने अकोल्याहून एका मोटार इंजिनिअरला बोलावले. त्याने पांढऱ्या पँटीला डाग पडू न देता एकदा बटण दाबले आणि सांगितले, सेल्फ संपला. नवा विलायतेहून येईल, तोही लढाई संपल्यावर. कमिटीचे अध्यक्ष भाऊसाहेब, केनवडचे मोठे शेतकरी. माणूस वाईट नाही, पण हिशेबी. त्यांनी ठरवले की दिवाळीनंतरच्या बैठकीत गाडी विकायची आणि त्यातून गळक्या दवाखान्यावर पत्रे टाकायचे. बाईंनी वाशिमातच बसावे, गरज असेल ते बैलगाडी जुंपून येतील.

बाई एवढेच म्हणाल्या, "येतील. पण ज्या वाटेतच राहतात त्या तुम्हाला दिसत नाहीत."

त्या गाडी ढकलायला लावून आमच्याकडे घेऊन आल्या आणि हे सगळे सांगितले. मी पेटलोच. म्हणजे विलायत पार्ट पाठवील तेव्हा रिठदसारख्या खेड्यातली बाई बाळंत होणार? मी बरेच बोललो. मिस्त्रींनी मला बोलू दिले आणि मग बाईंना एकच विचारले, त्या इंजिनिअरने सेल्फ खोलून पाहिला का? बाई म्हणाल्या, नाही.

"मंग मेला म्हनून कोनं सांगतलं? नाडी पाह्यल्याबिगर?"

बाई त्या दिवशी आमच्या वर्कशॉपात पहिल्यांदा हसल्या. बैठकीला अठरा दिवस होते.

*

नाडी पाहिली. दिवे लावून बटण दाबले, दिवे साफ विझले. म्हणजे बॅटरी नाही तर तार. बॅटरी रहमानभाईंच्या बसला लावून पाहिली तर तिने बस एका दमात उठवली. मग तार. मी मीटर शोधू लागलो. मिस्त्री म्हणाले, मीटर कशाला, हात आहे की. त्यांनी मला दोनतीनदा बटण दाबायला लावले आणि स्वतः बॅटरीच्या दोन्ही टोकांना बोटे लावून पाहिली. एक टोक गार, दुसरे चटका देणारे.

"जिथं वीज अडते तिथं तापते," ते म्हणाले. हा नियम मी परीक्षेत गणितासकट लिहिला होता. बोट लावून पाहायचे मात्र कधी सुचले नव्हते.

तापलेल्या टोकाची पकड काढली, तर आत लाल-पिवळा थर. खरवडला, वास घेतला. हळदकुंकू! दसऱ्याला दवाखान्याच्या कंपाउंडरने गाडीची पूजा केली होती. चाकांना लावले, दिव्यांना लावले, आणि गाडीचा जीव बॅटरीत असतो हे त्याने कुणाकडून तरी ऐकले होते. म्हणून पकड सोडून, आतल्या शिशाच्या टोकाला भक्तिभावाने तूप-हळदकुंकू लावून, पकड पुन्हा बसवली होती. कंपाउंडरला बोलावून दाखवले. तो बिचारा घाबरला. म्हणाला, मी तर बाईंच्या गाडीला काही होऊ नये म्हणून केले.

मिस्त्रींनी त्याला समजावले, "पूजा वरून कराची. देवाच्या पोटात हात घालून कोनी कुकू लावते का?"

टोके घासून लख्ख केली. बटण दाबले आणि दिवे विझले नाहीत. सेल्फ फिरलाही. पण नुसताच फिरला, झूंऽऽ करून. इंजिन जागचे हलले नाही. एक रोग गेला, त्याच्या मागे दुसरा उभा होता.

*

सेल्फ उतरवला. त्याच्या टोकाला एक छोटे दातेरी चाक असते. बटण दाबले की ते स्क्रूसारख्या आट्यांवरून पुढे सरकते, इंजिनाच्या मोठ्या चाकात दात अडकवते आणि फिरवते. आमचे चाक पुढे सरकतच नव्हते. सगळ्या आट्या काळ्या चिकट लगद्याने भरल्या होत्या. मिस्त्रींनी बोटावर घेऊन चोळला आणि बोट फडक्याला पुसले. बैलगाडीच्या आसाला घालतात ते वंगण होते.

मी चिडलो. पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की हा भाग स्वच्छ आणि कोरडा ठेवावा, वंगण लागले की धूळ धरते आणि चाक चिकटते. मी ते पान उघडून मोठ्याने वाचले आणि विचारले, हा गाढवपणा कुणाचा?

रहमानभाई खाली पाहत म्हणाले की उन्हाळ्यात बाई रिसोडला भेटल्या होत्या, सेल्फ आवाज करत होता, त्यांनी आपले थोडेसे लावून दिले. कंपाउंडर म्हणाला, मीही लावायचो, दर अमावस्येला. मी मिस्त्रींकडे पाहिले. ते लगदा पुसत म्हणाले, "सगळ्यात अंदर हाये ते माह्यं. होळीच्या वक्ताले देल्लं होतं."

मी आणखी चिडणार होतो. तेवढ्यात मला आठवले की श्रावणात बाई वर्कशॉपात आल्या होत्या, तेव्हा मिस्त्री जेवायला गेले होते, आणि बॉनेट उघडून मी काय केले होते. त्या लगद्यात एक थर माझाही होता. मी पुस्तक मिटले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा. ते म्हणाले, "चाळीस वर्सं फिरत्या चाकाले वंगण देत आलो. वंगण नको म्हननारं चाक पयल्यांदा पाह्यलं."

विलायतेच्या त्या कारखानदारांना काय ठाऊक, या भागात फिरणारी वस्तू दिसली की माणसाचा हात आपोआप वंगणाच्या नळ्याकडे जातो! रॉकेलही कुपनावर होते. मिस्त्रींच्या घरचे दोन दिवसांचे रॉकेल त्या आट्या धुवायला गेले. तिसऱ्या दिवशी चाक बोटाच्या टिचकीने पुढे धावू लागले.

*

सेल्फ जोडला. दात अडकले, इंजिन हलले, पण म्हाताऱ्या बैलासारखे, अर्धा फेरा घेऊन थांबले. पुन्हा उतरवला, आणि या वेळी पुरता खोलला. आत वीज पोचवणारे कार्बनचे चार ठोकळे असतात, त्यांना ब्रश म्हणतात. चारही झिजून नखाएवढे उरले होते. नवे ब्रशही विलायतेचेच: लढाई संपल्यावर येणारे.

बैठकीला सहा दिवस. रहमानभाईंना सुचले. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात एक जुना डायनॅमो गंजत पडला होता. त्याच्या मालकाला जाऊन त्यांनी काय सांगितले कोण जाणे, पण त्याचे ब्रश घेऊन आले. प्रत्येक आपल्या ब्रशच्या तिप्पट. मी ब्रश बसतात ती खोबण मोजली, तांबेमिश्रित कार्बन आहे हे तपासले आणि सांगितले, चालेल, फक्त बरोबर मापाचे घासून काढायला हवेत. करवतीने कापले तर तुकडे पडतात. आमचा सहाणेचा दगड खडबडीत. इतका सपाट, इतका बारीक दगड वाशिमात कुणाकडे असेल?

मिस्त्री उठून घरी गेले आणि बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, पाटा डोक्यावर घेऊन आले.

दोन दिवस मी आणि मिस्त्री आळीपाळीने पाट्यावर ब्रश घासत होतो. कॅलिपरने मी माप घ्यायचो, केसाएवढे जास्त असले की पुन्हा घासायचे. माझ्या पदवीचा आणि त्यांच्या हाताचा असा मेळ त्याआधी बसला नव्हता. कुणी मला विचारले की तुझ्या शिक्षणाचा काय उपयोग झाला, तर मी ते दोन दिवस दाखवीन.

तिसऱ्या दिवशी काकू स्वतः आल्या. घरात दोन दिवस ठेचा नव्हता. काळाकुट्ट पाट्यावर त्यांनी बोट फिरवले आणि ते मिस्त्रींसमोर धरले. मिस्त्रींनी हळूच सांगितले की डॉक्टरीणबाईंच्या गाडीसाठी आहे. काकूंची धाकटी लेक बाईंच्याच हातची.

"मंग ठेवा पाटा," काकू म्हणाल्या. "पन गाडी चालू नाई झाली, त दोघायनं जेवाले घरी येऊ नका."

ब्रश बसवले. गाडी चालू झाली. आम्ही घरी जेवलो.

*

बैठकीच्या दिवशी दवाखान्याच्या आवारात बाईंनी बटण दाबले आणि इंजिन पहिल्या फेऱ्याला उठले. तीनदा बंद केले, तीनदा उठले. मी भाऊसाहेबांकडे विजयाने पाहिले. ते म्हणाले, "मांडवात सगळ्याच नवऱ्या चांगल्या दिसतात. गावात पाहीन, मग ठरवीन." पुढच्या बोलावण्याला ते स्वतः बरोबर येणार होते. तिथे गाडी उठली तर राहील, नाही तर तिथूनच विकायला जाईल.

चौथ्या दिवशी सकाळीच रिठदचे बोलावणे आले. बाईंच्या शेजारी भाऊसाहेब, मागे मिस्त्री आणि मी.

रिठदला ज्या घरी गेलो त्या घरासमोर मातीचा उतार होता. कमरेएवढा उंच, चांगला चोपलेला, बैलगाडी मावेल एवढा. तो कशाला, हे मला तिथे कळले. बाईंची गाडी उतारावरून सोडली की इंजिन आपोआप उठते, हे गावाने पावसाळ्यात ताडले होते. रिठदची जमीन तव्यासारखी सपाट, आणि मऊ मातीत ढकलूनही गाडी उठेना. म्हणून ज्या घरी सुनेचे दिवस भरत येत त्या घरचे लोक दारात उतार बांधू लागले. त्यात एक गोची झाली. दृष्ट लागू नये म्हणून सासवा सुनेचे दिवस लपवतात. पण दारात माती पडली की सगळ्या गावाला कळते. तरी बांधत होते.

बाईंनी सवयीने गाडी उतारावर चढवून उभी केली आणि आत गेल्या. आम्ही तीन तास बाहेर बसलो. मुलगा झाला. बाई हात पुसत बाहेर आल्या, तशा भाऊसाहेब काठीने उतार दाखवत म्हणाले, "इथून तर धोंडासुद्धा चालू होईल, बाई. गावोगाव उतार कोण बांधणार?"

 बाई गाडीत बसल्या, गियर न टाकता ब्रेक सोडला आणि गाडी नुसतीच घरंगळत खाली आणली. रस्त्याच्या मधोमध, तव्यावर, गाडी थांबली. इंजिन बंद. आता मागे उतार नव्हता. अर्धे गाव जमले होते. सुनेची सासू दारातून म्हणाली, "बाई, हे काय केलं? वर होती त चांगली होती."

मी पुढे जाऊ लागलो. मिस्त्रींनी माझा सदरा मागून धरला.

बाईंनी मोडून जुळलेल्या उजव्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबले. इंजिन एक फेरा फिरले, अडले, दुसरा फिरले आणि उठले.

भाऊसाहेबांनी बंद करायला सांगितले. पुन्हा चालू करायला सांगितले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चौथ्यांदा त्यांनी तोंड उघडले तेव्हा सासू दारातून म्हणाली, "भाऊसायेब, पोराच्या बारशापर्यंत हेच चालू ठेवता का?"

भाऊसाहेब गाडीत बसले.  दवाखान्यापाशी उतरताना म्हणाले, "पत्र्यांचं पुढच्या वर्षी पाहू."

त्या हिवाळ्यात रिठदचे उतार एक एक करून मोडले गेले, माती शेतात गेली. गाडी कुठल्याही गावात, कुठल्याही दारात उभी राहू लागली. संक्रांतीच्या सुमाराला केनवडला एका बाळंतपणाला जायचे होते. सेल्फ तपासायला म्हणून मीही बरोबर गेलो. गावात शिरून वळण घेतले, तर समोर भाऊसाहेबांचे फाटक, आणि फाटकासमोर ताज्या मातीचा, चोपून गुळगुळीत केलेला, दोन मोटारी मावतील एवढा रुंद उतार.

डॉक्टरीणबाईंनी गाडी त्याच्या शेजारी सपाट जागेवर लावली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि आत गेल्या.